निळा प्रकाश अजूनही अवघड का?

प्रश्न असा आहे: निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, म्हणजे निळ्या प्रकाशाचा प्रश्न सुटला असे मानायला हवे. तरीही ओएलईडी (सेंद्रिय रेणूंची एलईडी), क्वांटम डॉट (काही नॅनोमीटर आकाराचे अर्धसंवाहक कण) आणि पेरोव्स्काइट (शिसे आणि ब्रोमिन-क्लोरीनसारख्या मूलद्रव्यांचे मऊ स्फटिक) यांवरच्या अलीकडच्या शोधनिबंधांत लाल आणि हिरव्या रंगाचे आकडे उत्तम असतात आणि निळ्याचे मागे पडलेले दिसतात, ते का? या सगळ्यामागे एकच कारण आहे, की प्रत्येक पदार्थाची अडचण निराळी आहे? विचारणारे पदव्युत्तर संशोधनासाठी विषय निवडत आहेत, त्यामुळे यांपैकी कशावर काम करावे हेही त्यांना हवे आहे.

माझे उत्तर असे आहे की मूळ एकच आहे, पण ते प्रत्येक पदार्थात वेगळ्या टप्प्यावर आडवे येते. निळी एलईडी ज्यापासून बनते त्या गॅलियम नायट्राइडमध्ये ते पदार्थ घडवताना आडवे आले आणि एकदा तिथून पार पडल्यावर पुढचा प्रवास सोपा झाला. सेंद्रिय रेणू, क्वांटम डॉट आणि पेरोव्स्काइट यांच्यात घडवणे सोपे आहे, आणि अडचण यंत्रणा चालू केल्यानंतर सुरू होते. हे दोन्ही एकाच गोष्टीचे दोन चेहरे कसे आहेत ते पुढे मांडतो.

तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये घेऊन १२४० ला तिने भागले की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मिळते. ६३० नॅनोमीटरच्या लाल फोटॉनला सुमारे १.९७, ५३० च्या हिरव्याला २.३४ आणि ४६० च्या निळ्याला २.७० इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. लाल आणि निळ्यातला फरक पाऊण इलेक्ट्रॉनव्होल्टहून किंचित कमी आहे, आणि कागदावर तो किरकोळ वाटतो. परंतु खोलीच्या तापमानाला उष्णतेतून सहज उपलब्ध होणारी ऊर्जा ०.०२६ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, म्हणजे हा फरक तिच्या सुमारे अठ्ठावीस पट आहे. प्रभार अडथळा ओलांडतो की नाही, बंध तुटतो की नाही, अशुद्धीचा अणू आपला होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, जी धन प्रभारासारखी वागते) सोडतो की नाही, हे सगळे घातांकी नियमाने ठरते. त्यामुळे पाऊण इलेक्ट्रॉनव्होल्टने यंत्रणेचे वागणे थोडेसे बदलत नाही, पार बदलून जाते.

आता त्या ऊर्जेची मागणी पदार्थाकडून काय करते ते पाहू. अर्धसंवाहकात इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचे दोन पट्टे असतात: खाली संयुजा पट्टा, वर वहन पट्टा, आणि मधे ऊर्जा-अंतर असते. वरचा इलेक्ट्रॉन खालच्या होलला भेटतो तेव्हा जवळपास त्या अंतराइतक्या ऊर्जेचा फोटॉन बाहेर पडतो. निळ्यासाठी हे अंतर वाढवायचे म्हणजे संयुजा पट्टा खाली न्यायचा किंवा वहन पट्टा वर न्यायचा, आणि प्रत्यक्षात बहुधा दोन्ही करावे लागते. संयुजा पट्टा जितका खोल, तितके बाहेरून होल आत घालणे कठीण. गॅलियम नायट्राइडचा संयुजा पट्टा निर्वात पातळीच्या (पदार्थातून पूर्ण सुटलेल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या) साधारण साडेसात इलेक्ट्रॉनव्होल्ट खाली आहे, तर प्लॅटिनमसारख्या सर्वाधिक कार्यफलन (धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) असलेल्या धातूचेही कार्यफलन साडेपाच-पावणेसहाच्या पुढे जात नाही. निळ्या ओएलईडीतला यजमान थर (ज्यात उत्सर्जक रेणू विखुरलेले असतात) सुमारे सहा इलेक्ट्रॉनव्होल्टवर असतो आणि त्याला होल पुरवणारा पारदर्शक विद्युतअग्र पाचच्या अलीकडे. म्हणजे रसायन बदलले, स्फटिकाऐवजी रेणू आले, तरी होल आत घालण्याची तक्रार तशीच राहते. तज्ज्ञांच्या बैठकीत निळ्याबद्दल बोलणे सुरू झाले की दहा मिनिटांत ते होलवर येऊन ठेपते, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो पाठ्यपुस्तकी उत्तरांत वारंवार येतो. डोळ्याची संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरला सर्वाधिक असते आणि ४६० ला ती तिच्या सहा टक्क्यांवर येते. म्हणून निळ्याला कित्येक पट जास्त ताकद लावावी लागते आणि तो लवकर थकतो, असे सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. नेहमीच्या पडद्यावरच्या पांढऱ्या रंगात निळ्याचा दीप्तीतला वाटा अवघा सात टक्के असतो, हिरव्याचा सुमारे बहात्तर आणि लालचा एकवीस. हे वाटे डोळ्याच्या संवेदनशीलतेने भागले तर तिन्ही रंगांना लागणारी प्रकाशशक्ती जवळपास सारखी निघते, निळ्याची फार तर दीडपट. तेव्हा डोळ्यामुळे निळ्यावरचा भार थोडा वाढतो, त्याचे आयुष्य त्यामुळे संपत नाही. हा मुद्दा खरोखर महत्त्वाचा ठरतो तो शोधनिबंधातले आकडे वाचताना, आणि तिथे मी पुन्हा त्याकडे येईन.

गॅलियम नायट्राइडची कथा सर्वांना ठाऊक असल्यासारखी सांगितली जाते, पण तिच्यातला शिकण्यासारखा भाग बहुतेक वेळा गाळला जातो. निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये दृश्य लाल प्रकाशाची एलईडी दाखवली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आरसीए कंपनीत जॅक पांकोव्ह आणि हर्बर्ट मारुस्का यांनी गॅलियम नायट्राइडमधून निळा-जांभळा प्रकाश काढलाही होता. मात्र ती खरी पी-एन संधी (होल-बहुल पी-थर आणि इलेक्ट्रॉन-बहुल एन-थर यांचा जोड) नव्हती, धातू, निरोधक थर आणि अर्धसंवाहक अशी रचना होती आणि तिची कार्यक्षमता फार थोडी होती. पुढे बहुतेकांनी हा पदार्थ सोडून दिला, आणि त्यांचे कारण चुकीचे नव्हते. गॅलियम नायट्राइडचा मोठा स्फटिक वितळलेल्या द्रवातून ओढून काढता येत नाही, कारण तो वितळण्याआधीच नायट्रोजन निसटून जातो. म्हणून तो परक्या आधारावर, म्हणजे सफायरवर, वाढवावा लागतो. दोघांच्या स्फटिकजालकांत सुमारे सोळा टक्क्यांचा मेळ चुकतो. परिणामी वाढलेला थर भेगाळलेला आणि खडबडीत निघत असे.

इसामु अकासाकी आणि हिरोशी आमानो यांनी नागोयात १९८६ मध्ये यावर काढलेला मार्ग आजही मला विलक्षण वाटतो. आधी सुमारे ५०० अंश सेल्सिअसला, म्हणजे चांगला स्फटिक वाढण्यासाठी फारच कमी तापमानाला, ॲल्युमिनियम नायट्राइडचा काही दहा नॅनोमीटर जाडीचा कच्चा थर त्यांनी बसवला आणि मग तापमान हजार अंशांच्या घरात नेऊन त्यावर गॅलियम नायट्राइड वाढवले. चांगल्या थराखाली मुद्दाम वाईट थर ठेवायचा, ही कल्पना त्या काळच्या स्फटिकवाढीच्या शिस्तीत बसणारी नव्हती. नंतर निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी हाच कच्चा थर गॅलियम नायट्राइडचाच करून दाखवला.

खरा अडसर पुढे होता, आणि तो होलचा. गॅलियम नायट्राइडमध्ये होल निर्माण करण्यासाठी मॅग्नेशियम घालतात. मॅग्नेशियम घालूनही पदार्थ पी-प्रकारचा होत नव्हता, आणि अनेकांनी हे तत्त्वतःच अशक्य आहे असे गृहीत धरले होते. अकासाकी आणि आमानो यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नमुना पाहताना असे दिसले की इलेक्ट्रॉनांचा मारा झालेला भाग अधिक उजळतो. त्यातूनच १९८९ मध्ये पी-प्रकारचे गॅलियम नायट्राइड मिळाले. नाकामुरा यांनी १९९२ मध्ये दाखवले की इलेक्ट्रॉनांची गरज नाही, नायट्रोजनच्या वातावरणात सुमारे ७०० अंशांपर्यंत तापवले तरी तेच होते, आणि कारणही त्यांनी सांगितले: वाढीच्या वेळी अमोनियातून येणारा हायड्रोजन मॅग्नेशियमला चिकटून त्याला निष्क्रिय करतो आणि तापवल्यावर तो निघून जातो. म्हणजे जे पदार्थाचे निसर्गदत्त वैगुण्य मानले गेले होते ते प्रक्रियेत शिरलेले एक अशुद्ध मूलद्रव्य होते. सुरुवातीच्या काळात आम्हीही हाच धडा आमच्या वेळेची किंमत देऊन शिकलो. वाढ संपल्यावर भट्टी थंड करताना अमोनियाचा प्रवाह गरजेपेक्षा जास्त वेळ चालू ठेवला की हायड्रोजन परत शिरतो. एका नमुन्याचा रोध का वाढतो हे शोधण्यात आमचे तीन आठवडे गेले आणि दोष प्रवाहनियंत्रकाच्या वेळापत्रकात निघाला.

हायड्रोजन काढला तरी होलची टंचाई संपत नाही. मॅग्नेशियमच्या अणूकडून होल मोकळा करायला सुमारे ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, आणि खोलीची उष्णता ०.०२६, त्यामुळे शंभर मॅग्नेशियम अणूंमागे जेमतेम एक-दोन होल मोकळे असतात. आजच्या प्रत्येक पांढऱ्या दिव्यात हीच टंचाई सांभाळून घेतलेली असते: पी-बाजूचा थर पातळ ठेवतात, इलेक्ट्रॉनांना पलीकडे निसटू न देणारा ॲल्युमिनियमयुक्त अडथळा घालतात आणि प्रवाह पसरवण्याचे काम एन-बाजूवर सोपवतात.

आता या कथेतली सर्वांत आश्चर्याची गोष्ट. सफायरवर वाढवलेल्या या थरात दर चौरस सेंटीमीटरला दहा कोटी ते शंभर कोटी रेषादोष असतात. गॅलियम आर्सेनाइडच्या कुटुंबात ही संख्या लाखाच्या आसपास गेली तरी एलईडी मंदावते. मग निळी एलईडी जिवंत कशी राहते? प्रकाश देणारा थर इंडियम गॅलियम नायट्राइडचा असतो आणि त्यात इंडियमचे अणू यदृच्छेने विखुरलेले असतात, त्यामुळे जागोजागी ऊर्जेचे लहान खळगे तयार होतात आणि प्रभार, विशेषतः होल, त्यांत अडकून पडतात. जो प्रभार जागचा हलत नाही तो दोषापर्यंत पोहोचतही नाही, हे आज सर्वसाधारणपणे मान्य झालेले स्पष्टीकरण आहे. इथे मिश्रणातली अव्यवस्थाच उपयोगी पडली.

पण माझ्या मुद्द्यासाठी यापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही, की गॅलियम आणि नायट्रोजन यांचा बंध अतिशय बळकट आहे. याच बळकटीमुळे ऊर्जा-अंतर मोठे आहे, याच बळकटीमुळे तो हजार अंशांना वाढवावा लागतो, आणि याच बळकटीमुळे एकदा तयार झाल्यावर २.७ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घटना दर सेकंदाला असंख्य वेळा घडूनही त्याची जागा ढळत नाही. निळ्या प्रकाशाची किंमत या पदार्थाने जन्माच्या वेळीच रोख चुकती केली. ज्या पदार्थांचा थर शंभर अंशांच्या आत, द्रावणातून किंवा मंद बाष्पीभवनातून बसतो, त्यांची किंमत हप्त्याहप्त्याने वसूल होते.

ओएलईडीमध्ये हे सर्वांत स्वच्छपणे दिसते. चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये कोडॅकमध्ये पातळ थरांची पहिली कार्यक्षम सेंद्रिय एलईडी मांडली. इलेक्ट्रॉन आणि होल रेणूवर भेटतात तेव्हा त्यांच्या स्पिनच्या मांडणीनुसार पंचवीस टक्के जोड्या सिंगलेट आणि पंचाहत्तर टक्के ट्रिपलेट स्थितीत येतात. साध्या अनुस्फुरक (फ्लुओरेसेंट) रेणूत फक्त सिंगलेट प्रकाश देतात आणि तीन-चतुर्थांश ऊर्जा वाया जाते. १९९८ मध्ये मार्क थॉम्पसन आणि स्टीफन फॉरेस्ट यांच्या गटांनी जड धातूचा अणू असलेले रेणू वापरून ट्रिपलेटकडूनही प्रकाश मिळवला. पुढे इरिडियमची संयुगे आली आणि लाल व हिरव्या पिक्सेलमध्ये ती रूढ झाली. निळ्यात मात्र उद्योग दीर्घकाळ कमी कार्यक्षम अनुस्फुरक रेणूंनाच चिकटून राहिला.

याचे कारण रसायनशास्त्राच्या दृष्टीने सरळ आहे. निळ्या फॉस्फोरेसेंट, म्हणजे ट्रिपलेटकडून प्रकाश देणाऱ्या, रेणूची ट्रिपलेट ऊर्जा सुमारे पावणेतीन इलेक्ट्रॉनव्होल्ट असते आणि ती स्थिती काही मायक्रोसेकंद टिकते, जिथे अनुस्फुरक रेणूची सिंगलेट स्थिती काही नॅनोसेकंदांतच प्रकाश देऊन मोकळी होते. हजारपट अधिक वेळ उत्तेजित राहिलेल्या रेणूला दुसरा ट्रिपलेट किंवा एखादा प्रभारित रेणू भेटण्याची शक्यता त्याच प्रमाणात वाढते, आणि अशा भेटीत दोघांची ऊर्जा एकावर जमा होते. ही बेरीज पाच इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे जाते. सेंद्रिय रेणूंतले कार्बन-नायट्रोजनसारखे कमकुवत बंध तीन-साडेतीनला तुटू शकतात. लाल रेणूत हीच बेरीज बरीच खाली राहते, म्हणून तो वाचतो. एक बंध तुटला म्हणजे एक रेणू गेला एवढ्यावर हे थांबत नाही. तुटलेला तुकडा प्रभार पकडणारा सापळा बनतो आणि शेजाऱ्यांची ऊर्जाही शोषून घेतो, त्यामुळे काही टक्के रेणू बिघडले की दीप्ती त्याहून कितीतरी जास्त घसरते.

हे समजले की गेल्या दहा-बारा वर्षांतले संशोधन विस्कळीत वाटत नाही. सगळ्यांचा प्रयत्न ट्रिपलेटला लवकर मोकळे करण्याचा किंवा बंध जरा घट्ट करण्याचा आहे. क्युशू विद्यापीठातील चिहाया अदाची यांच्या गटाने २०१२ मध्ये जड धातूविना, खोलीच्या उष्णतेच्या मदतीने ट्रिपलेट पुन्हा सिंगलेटमध्ये उचलणारे रेणू दाखवले. ताकुजी हाताकेयामा यांनी २०१६ मध्ये बोरॉन आणि नायट्रोजन एकाच ताठ चौकटीत बसवून अत्यंत अरुंद वर्णपटाचा निळा मिळवला. काहींनी धातूचा थर उत्सर्जक रेणूच्या अगदी जवळ आणून ऊर्जा काढून घेण्याचा वेग वाढवला, तर काहींनी हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घातले, कारण जड अणूचा बंध किंचित सावकाश तुटतो. फोनच्या पडद्यात निळा उपपिक्सेल बहुधा मोठा ठेवलेला असतो तोही याच कारणाने: क्षेत्र वाढवले की प्रवाहघनता उतरते आणि उत्तेजित रेणूंच्या आपसातल्या धडका कमी होतात. ही भूमितीने केलेली तडजोड आहे, आणि मला ती अनेक गाजलेल्या रेणूंपेक्षा अधिक उपयुक्त वाटते.

क्वांटम डॉटकडे वळण्याआधी एक गंमत सांगायला हवी. बाजारात क्वांटम डॉट दूरचित्रवाणी म्हणून जे मिळते त्यात सामान्यतः डॉट फक्त लाल आणि हिरवा देतात, तेही मागून येणारा निळा प्रकाश शोषून. निळा थेट गॅलियम नायट्राइडच्या एलईडीचा किंवा काही पडद्यांत निळ्या ओएलईडीचा असतो. डॉटमध्ये थेट वीज सोडून प्रकाश मिळवणे ही वेगळी आणि अजून प्रयोगशाळेतली गोष्ट आहे. डॉटसाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मुंगी बावेंडी, लुईस ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना मिळाले. आकार लहान केला की ऊर्जा-अंतर वाढते हे त्याचे सार. याच न्यायाने निळ्यासाठी कण लहान हवा, आणि लहान कणात पृष्ठभागावरच्या अणूंचा वाटा वाढतो, म्हणजे सापळे वाढतात. हे टाळायचे तर मुळातच मोठे ऊर्जा-अंतर असलेला पदार्थ घ्यावा लागतो, उदाहरणार्थ झिंक सेलेनाइडमध्ये थोडे टेल्युरियम.

सॅमसंगच्या संशोधकांनी २०२० मध्ये नेमके हेच केले. कॅडमियमविरहित निळ्या डॉटची बाह्य क्वांटम कार्यक्षमता (आत गेलेल्या दर शंभर इलेक्ट्रॉनांमागे बाहेर येणारे फोटॉन) त्यांनी २०.२ टक्क्यांपर्यंत नेली आणि दर चौरस मीटरला १०० कँडेला या सुरुवातीच्या दीप्तीला १५,८५० तासांचे आयुष्य सांगितले. काम उत्तम आहे, यात शंका नाही. पण हा आकडा कसा वाचायचा ते पाहा. हे आयुष्य दीप्ती निम्म्यावर येईपर्यंतचे आहे; पडदा बनवणारा मात्र पाच टक्के घसरणीपर्यंतचा वेळ विचारतो, कारण निळा तेवढा घसरला तरी पांढरा रंग पिवळसर दिसू लागतो. शिवाय दीप्ती वाढवली की आयुष्य तिच्या साधारण दीड ते दोन घाताच्या प्रमाणात घटते. घातांक १.८ धरला तर १०० ऐवजी १००० कँडेलाला हेच १५,८५० तास सुमारे २५० वर येतात. हा हिशेब माझा आहे आणि घातांक यंत्रणेनुसार बदलतो, पण आकाराची कल्पना येण्यास तो पुरेसा आहे. आणि इथे डोळ्याचा मुद्दा परत येतो: ४६० नॅनोमीटरला १०० कँडेला देण्यासाठी लागणारी प्रकाशशक्ती ५३० नॅनोमीटरच्या हिरव्यापेक्षा सुमारे चौदापट असते. निळ्याचे १०० आणि हिरव्याचे १०० कँडेला शेजारी ठेवून आयुष्याची तुलना करणारा तक्ता दिसला की तो निळ्यावर अन्याय करतो. तुलना करायची तर समान प्रवाहघनतेला किंवा समान पांढऱ्या रंगातल्या वाट्यानुसार करावी.

पेरोव्स्काइटबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथले उत्तर बरेचसे ठरलेले आहे. केंब्रिजमध्ये २०१४ साली खोलीच्या तापमानाला चालणारी पेरोव्स्काइट एलईडी दिसली आणि २०१८ मध्ये बाह्य कार्यक्षमता वीस टक्क्यांच्या पुढे गेली. इतकी वेगवान चढण मी दुसऱ्या कोणत्याही प्रकाशपदार्थात पाहिलेली नाही. सीझियम लेड ब्रोमाइड हिरवा प्रकाश देते आणि क्लोराइड जांभळा, त्यामुळे दोघांच्या मिश्रणातून निळा मिळायला हवा, आणि मिळतोही. परंतु या जालकातले हॅलाइड (क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड) आयन जागचे हलतात. आयोडाइड आणि ब्रोमाइडचे मिश्रण प्रकाशात ठेवले की ते वेगवेगळ्या भागांत विभक्त होते, हे २०१५ मध्ये दाखवले गेले. क्लोराइड-ब्रोमाइडच्या एलईडीत विद्युतक्षेत्राखाली तसेच घडते आणि निळा प्रकाश काही मिनिटांत हिरव्याकडे सरकतो. क्लोराइड वाढवले की रिकाम्या जागांचे खोल सापळेही वाढतात. मिश्रण टाळून थर इतके पातळ करता येतात की बंदिस्ततेमुळे निळा मिळावा, पण एकाच फिल्ममध्ये वेगवेगळ्या जाडीचे थर राहतात आणि ऊर्जा सर्वांत जाड, म्हणजे कमी ऊर्जा-अंतराच्या थराकडे वाहते. ज्या मऊपणामुळे हा पदार्थ शंभर अंशांना इतका सुबक स्फटिक बनतो, तोच मऊपणा आयनांना हलू देतो. माझ्या मते निळ्या पेरोव्स्काइटच्या विद्युतप्रकाशापेक्षा (थेट वीज सोडून मिळणाऱ्या प्रकाशापेक्षा), निळी नायट्राइड एलईडी मागे ठेवून तिच्यावर हिरवा पेरोव्स्काइट रंगपरिवर्तक म्हणून वापरणे, हा अधिक जवळचा मार्ग आहे.

गॅलियम नायट्राइडने सगळे जिंकले असेही नाही. प्रवाह वाढवला की त्याची कार्यक्षमता घसरते; एका इलेक्ट्रॉन-होल जोडीची ऊर्जा तिसऱ्या प्रभाराला देणारी ऑजे प्रक्रिया यामागे आहे, याचा थेट प्रायोगिक पुरावा २०१३ मध्ये सांता बार्बरा आणि पॅरिसजवळील एकोल पॉलितेक्निक इथल्या संशोधकांनी दिला. हिरव्याकडे जाताना इंडियम वाढवावे लागते, त्यासाठी वाढीचे तापमान उतरवावे लागते, थरातला ताण आणि अंतर्गत विद्युतक्षेत्र वाढते, इलेक्ट्रॉन आणि होल थराच्या दोन विरुद्ध कडांना ओढले जातात आणि कार्यक्षमता पडते. मायक्रोएलईडीमध्ये तर भूमिकाच उलटतात. काही मायक्रोमीटरच्या चौकोनात कडेच्या भिंतींचा वाटा वाढतो. नेहमीच्या लाल फॉस्फाइड पदार्थात प्रभार भिंतीपर्यंत सहज पोहोचून वाया जातात, तर नायट्राइडच्या निळ्याला त्याचा त्रास बराच कमी होतो. तेव्हा त्या क्षेत्रातील सहकारी लाल प्रकाश अवघड असल्याची तक्रार करतात आणि निळा गृहीत धरतात. कोणता रंग अवघड हे निसर्गात कोरलेले नाही, ते त्या पदार्थाच्या बंधावर आणि तुम्ही त्याच्याकडून काय मागता यावर ठरते, एवढे यातून दिसते.

आता विषय निवडण्याबद्दल. नवा निळा रेणू किंवा नवे पेरोव्स्काइट मिश्रण शोधण्याच्या स्पर्धेत एकट्या विद्यार्थ्याने उतरू नये, असे मी सुचवेन. तिथे मोठ्या गटांकडे संश्लेषणाची फौज असते आणि तुमचा विक्रम निबंध छापून येईपर्यंत जुना होतो. निळी यंत्रणा नेमकी कुठे मरते हे शोधण्याचे काम मात्र फार थोडे लोक नीट करतात, आणि त्यासाठी महागडी भट्टी लागत नाही. एक साधी पद्धत सांगतो. ठरावीक प्रवाहाला यंत्रणा चालू ठेवा आणि ठरावीक अंतराने तीन गोष्टी नोंदवा: विद्युतप्रकाश, त्याच जागेवर बाहेरून जांभळा प्रकाश टाकून मिळणारा प्रकाशप्रदीप्तीचा आकडा, आणि व्होल्टता. विद्युतप्रकाश पडतो आहे पण प्रकाशप्रदीप्ती टिकून आहे, तर उत्सर्जक शाबूत आहे आणि प्रभार आत जाण्यात किंवा त्यांचा समतोल राखण्यात बिघाड आहे. निळ्यात बहुधा होलची बाजू. दोन्ही एकत्र पडत असतील तर उत्सर्जक स्वतःच तुटतो आहे. व्होल्टता चढत असेल तर थरांच्या सीमेवर प्रभार साचत आहेत. वर्णपटही दर वेळी पूर्ण नोंदवा, केवळ शिखराची उंची नको, कारण पेरोव्स्काइटमध्ये दीप्ती स्थिर दिसत असतानाच रंग सरकलेला असू शकतो, आणि डोळा हिरव्याला जास्त संवेदनशील असल्याने कँडेलात मोजलेली दीप्ती त्या वेळी वाढलेलीही दिसते.

नमुने किमान दहा-बारा घ्या आणि सर्वोत्तमाबरोबर मधल्या नमुन्याचाही आलेख द्या. कार्यक्षमता एका दिशेने मोजून सगळीकडे सारखी गृहीत धरण्याऐवजी शक्य तिथे एकात्मिक गोलात (सर्व दिशांचा प्रकाश गोळा करणाऱ्या पोकळ गोलात) मोजा; पातळ थरांच्या यंत्रणेत प्रकाश सर्व कोनांना गृहीतकाप्रमाणे पसरतोच असे नाही. आणि चाचणीच्या पेटीत, मोजायच्या नमुन्यांच्या शेजारी, आधी काही शे तास जाळून घेतलेली एक साधी निळी गॅलियम नायट्राइड एलईडी अल्प प्रवाहावर चालू ठेवा. तिचा आकडा हलला तर शोधक किंवा पेटीचे तापमान सरकले आहे असे समजा, आणि त्या दिवसाच्या नोंदी बाजूला काढा.